यकृतातील चरबी आणि घरातला पाळणा

लग्नाला तीन-चार वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्याकडे काय होते ते तुम्हांला सांगायला नको. सुनेला दवाखान्यात नेतात, तिच्याकडून उपासतापास करवून घेतात. मुलगा मात्र बाहेर मोटारसायकलवर बसून राहतो. त्याला तपासा म्हटले, की घरात कुणी बोलत नाही. वास्तविक मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचेही काही कारण निघते. या विषयावर उघड बोलावे म्हणून रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. आपली जीभ अजून अडखळतेच आहे!

त्या कारणांपैकी एकाच कारणाविषयी मी आज बोलणार आहे. ते म्हणजे यकृतात साठणारी चरबी. बोकडाची कलेजी आपण ओळखतो. तेच इंद्रिय आपल्या उजव्या बरगड्यांखाली असते.

मुळशीतल्या घोटावड्याचेच पाहा. एका अंगाला पिरंगुटचे कारखाने, दुसऱ्या अंगाला माण-हिंजवडीच्या कचेऱ्या. भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात औत धरणाऱ्याचा मुलगा आज पाळीवर खुर्चीत बसतो. ताटातला भात तेवढाच राहिला, वर चहा-बिस्किटे आणि वडापाव आले. घाम तेवढा गेला. जे खर्ची पडत नाही ते चरबी होऊन पोटावर साठते, तसेच यकृतातही साठते. दुखत नाही, खुपत नाही. पुष्कळदा दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली म्हणजे कळते.

‘मी तर काटकुळा, मला कसली चरबी?’ असे कुणी म्हणेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्रच छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिनांची शेकडा ९ आणि याज्ञिकांची शेकडा २१! म्हणून वजनकाट्याबरोबर कंबरही मोजावी. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर गेली, की सावध व्हावे.

आता याचा पौरुषाशी संबंध काय? पुरुषाचा जो मुख्य अंतःस्राव, टेस्टोस्टेरॉन, तो रक्तातून वाहून नेणारे एक प्रथिन यकृतच बनवते. यकृत चरबीने भरले, की ते कमी बनते. इन्सुलिन नीट लागू पडेनासे होते, पोटावरची चरबी त्या अंतःस्रावाचे रूपांतर स्त्रीच्या अंतःस्रावात करू लागते, आणि मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूमही मंदावतो. मग इच्छा कमी होणे, ताठरता न येणे, शुक्रजंतू कमी किंवा मंद असणे, हे त्याच्या जोडीने आढळते. ज्याच्या यकृतात चरबी त्याला मूल होणारच नाही, असे मात्र मुळीच नाही. पुष्कळांना होते. दारूची गोष्ट वेगळी; ती यकृत आणि वृषणे या दोहोंवर थेट घाव घालते.

एक धोका मुद्दाम सांगतो, कारण तरुण मंडळी यात फसतात. शरीर कमावण्यासाठी किंवा जोम येण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची सुई टोचून घेतात. बाहेरून तो मिळाला, की शरीर आतले काम थांबवते आणि शुक्रजंतू जवळजवळ नाहीसे होऊ शकतात. मूल हवे असणाऱ्याने ही सुई घेऊ नये. आधीच घेत असाल, तर डॉक्टरांना लपवू नका.

उपाय महाग नाही. ऐंशी किलोच्या माणसाने चार किलो उतरवले तरी यकृतातली चरबी हटू लागते. आठ उतरवले तर फारच उत्तम. साखरेचा चहा आणि थंड पेयाची बाटली आधी सोडा. आठवड्याला निदान अडीच तास झपाझप चाला.

गुरुजनहो, गावातली माणसे तुमचे ऐकतात, म्हणून एवढे सांगाच. वर्षभर वाट पाहूनही दिवस राहिले नाहीत, तर नवरा-बायको दोघांनी बरोबर जावे; बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. वीर्याची तपासणी साधी आहे, तिला चिरफाड लागत नाही. आधी दोन ते सात दिवस संयम पाळायचा, इतकेच. पहिल्या तपासणीत कमी दिसले तर घाबरून न जाता ती पुन्हा करावी. नवे शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. म्हणून आज चालायला लागलेल्याने पुढच्या आठवड्यात फळ मागू नये.