मद्रासेस सापडलेली सिल्व्हिया

मंगळ आणि गुरू ह्यांच्या कक्षांमधील विस्तीर्ण पट्ट्यात लक्षावधी लघुग्रह सूर्याभोवती फिरत आहेत. ह्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेशी असलेली सिल्व्हिया प्रथम दिसली ती भारताच्या भूमीवरून. १६ मे १८६६ रोजी मद्रासच्या वेधशाळेत नॉर्मन पॉग्सन ह्यांनी ती शोधून काढली. पॉग्सन १८६१ मध्ये मद्रासेस आले आणि १८९१ मध्ये तेथेच वारले. आल्या वर्षीच त्यांना एक लघुग्रह गवसला होता; आशिया खंडातून लागलेला असा पहिलाच शोध म्हणून त्याचे नाव ‘एशिया’ ठेवण्यात आले.

त्या काळी ह्या कामी छायाचित्राचे साहाय्य नव्हते. दुर्बिणीतील तारे नकाशाशी ताडून पाहावयाचे, पुढील रात्री पुन्हा पाहावयाचे, आणि एखादा ठिपका जागचा हललेला आढळला की तो तारा नव्हे, हे ओळखावयाचे. ह्याच वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचार्य ह्यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा, म्हणजे तेज कमीअधिक होणारा तारा, शोधला. त्यांचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही.

एवढ्या जागरणानंतर हाती आला तो केवळ एक ठिपका. सिल्व्हियाचा पृष्ठभाग कोळशासारखा काळा. सूर्याभोवती तिचा एक फेरा साडेसहा वर्षांचा, स्वतःभोवतीचा अवघ्या पाच तास अकरा मिनिटांचा. लांबी सुमारे ३६० किलोमीटर. भोपाळच्या नेहरू नगरातून नीट दक्षिणेस वाशीमपर्यंत रेघ ओढली, तर ती जवळजवळ तेवढीच भरेल.

पण तिचे वजन कसे करावे? ते साधले उपग्रहांमुळे. २००१ मध्ये हवाई बेटावरील केक दुर्बिणीतून तिचा एक उपग्रह दिसला. २००४ मध्ये चिलीतील मोठ्या दुर्बिणीने टिपलेल्या चित्रांत दुसरा आढळला. दोन उपग्रह असलेला हा पहिलाच ज्ञात लघुग्रह, असे २००५ मध्ये जाहीर झाले. रोमन कथेत सिल्व्हिया ही रोम्युलस व रीमस ह्यांची माता. उपग्रहांना तीच नावे मिळाली. रीमस सुमारे ७०० किलोमीटरांवरून ३३ तासांत फेरा घालतो, रोम्युलस सुमारे १३५० किलोमीटरांवरून साडेतीन दिवसांहून थोड्या अधिक काळात. अंतर आणि काळ कळले की मध्यावरील वस्तूचे वस्तुमान गणिताने निघते. ते आकारमानाशी ताडले, तेव्हा सिल्व्हियाची घनता पाण्याच्या दीडपटीहूनही कमी भरली. सामान्य खडक ह्याच्या दुप्पट जड असतो. तेव्हा ती एकसंध शिळा नव्हे. कोण्या प्राचीन आघातात फुटलेल्या तुकड्यांची, आत जागोजाग पोकळ्या राहिलेली रास आहे, आणि दोन्ही उपग्रहही त्याच आघातातून उरले असावेत, असा खगोलज्ञांचा तर्क आहे.