माथेरानला उतरायचं कुठे?



पुढचं संमेलन माथेरानला ठरलं आणि 'कॉम्प्युटरवाली' म्हणून राहायची जागा शोधणं माझ्या गळ्यात पडलं. दरीकाठचा जुना पारशी बंगला मी जवळजवळ पक्का केला होता. लाकडी व्हरांडा, वेताच्या खुर्च्या! तेवढ्यात बाईंचा फोन, "गुडघे दुखतात गं, मी काही येत नाही."

दस्तुरी नाक्यापुढे गाड्यांना बंदी. तिथून बाजारच अडीच-तीन किलोमीटर, बंगला आणखी पुढे. बाईंना काय घोड्यावर बसवायचं?

बंगला सोडला. अमन लॉजहून मिनी ट्रेनने माथेरान स्टेशन, अन् स्टेशनलगतचं साधं लॉज. मालकांना फोनवरच पायऱ्या मोजायला लावल्या. तीन आहेत. तळमजल्याची खोली बाईंची. दरी दिसत नाही, पण व्हरांडा आहे.

बाई, आता येणार ना?