रंग पक्का होतो तो कशाने?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, हैदराबाद)



रंगपंचमी होऊन थोडेच दिवस झालेत. आदिलाबादच्या वाटेवर अजून पळस फुललेला दिसेल. इथले लोक त्याला मोदुग म्हणतात. अशा दिवसांत रंगांवर बोलायला मिळतंय, याचा मला आनंद आहे.

येताना मी सुती कापडाच्या चार पट्ट्या आणल्या आहेत. त्या आता पुढच्या रांगेपासून मागे फिरवाव्यात. चारही पट्ट्या मंजिष्ठेच्या मुळांच्या पाण्यात, एकाच पातेल्यात, एकाच वेळी उकळल्या. पहिली फिकट गुलाबी आहे आणि साबणाच्या एकदोन धुण्यांत ती जवळजवळ पांढरी होईल. दुसरी लाल, तिसरी जांभळट तपकिरी आणि चौथी गडद चॉकलेटी. पाणी एकच, मग रंग चार कसे? फरक आहे तो आधीच्या तयारीत. पहिलीला काहीच लावलं नव्हतं. दुसरीला हिरडा आणि तुरटी, तिसरीला हिरडा आणि लोखंडाचं पाणी, चौथीला हिरड्यावर तुरटी आणि लोखंड दोन्ही.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. रंगद्रव्य झाडात असतं, पण रंगाचा पक्केपणा झाडात नसतो. तो रंग आणि कापड यांना बांधणाऱ्या दुव्यात असतो. शास्त्रात त्याला रंगबंधक म्हणतात. नैसर्गिक रंगांचं संशोधन हे बहुतांशी या दुव्याचंच संशोधन आहे.

हा दुवा काम कसं करतो? कापसाच्या धाग्याला रंग सहज धरता येत नाही. हिरड्यातलं टॅनिन धाग्याला चिकटतं, आणि त्या टॅनिनवर तुरटीतलं ॲल्युमिनियम बसतं. मग रंगाचा रेणू येतो आणि खेकड्याने नांगीत पकडावं तसा धातूच्या अणूला दोन बाजूंनी धरतो. ही पकड पाण्याने सुटत नाही. धातू बदलला की रेणू प्रकाशाचा वेगळा भाग शोषतो, म्हणून रंगही बदलतो. नीळ मात्र याला अपवाद आहे. ती पाण्यात विरघळतच नाही. तिला आंबवणीच्या घड्यात विरघळवावं लागतं आणि कापड बाहेर काढलं की हवा लागून ती धाग्यातच पुन्हा घट्ट होते. दक्षिणेतले रंगारी त्या घड्यात टाकळ्याचं बी उकळून घालतात, कारण आंबवणाऱ्या जीवाणूंना त्यातून अन्न मिळतं. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो, तोच हा टाकळा.

ही विद्या आपल्या मातीत फार जुनी आहे. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा मंजिष्ठेच्या जातीच्या रंगाने रंगवलेला निघाला. 1591 मध्ये हैदराबाद वसलं, तेव्हा गोवळकोंड्याच्या राज्याचं मोठं बंदर मच्छलीपट्टणम होतं. तिथली छिटं, म्हणजे नक्षीदार सुती कापडं, इराणला जात आणि पुढे युरोपातही पोचली. या कामाचं कलमकारी हे फारसी नावही त्याच संबंधातलं. तिथला कारागीर कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवतो. गंजलेलं लोखंड गुळात आंबवून काळ्या रेघा काढतो, तुरटीचे ठसे मारतो, मग कापड रंगात उकळतो. जिथे तुरटी पडली, तिथेच लाल उमटतो. 1742 साली फादर केर्दू या फ्रेंच पाद्र्याने कोरोमंडल किनाऱ्यावरची ही कृती टप्प्याटप्प्याने लिहून युरोपला पाठवली. तिथल्या कारखानदारांना रंग कोणता हे ठाऊक होतं. त्यांना हवा होता तो बांधणीचा क्रम.

हैदराबादपासून दोनेक तासांच्या वाटेवर पुट्टपाका हे विणकरांचं गाव आहे. तिथला तेलिया रुमाल म्हणजे या विद्येचा कळस. सूत तेल आणि राखेच्या पाण्यात कित्येक दिवस पुन्हा पुन्हा भिजवायचं, मळायचं, वाळवायचं. राखेतल्या क्षारामुळे तेल फुटतं, त्यातली आम्लं धाग्यात मुरतात आणि ॲल्युमिनियमला धरून ठेवतात. म्हणून त्याचा लाल रंग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. याच कामासाठी पुट्टपाक्याचे गजम गोवर्धन यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2020 मध्ये या रुमालाला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला लाल आज बहुधा कारखान्यातल्या ॲलिझरीनचा असतो, हेही सांगायला हवं. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी लाल रंग देणाऱ्या मुळांमधला हाच रेणू प्रयोगशाळेत बनवला. रेणू तोच आणि त्याला बांधणारी तेलाची रीतही तीच.

1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि आपल्याकडची निळीची शेती बसली. भावसार आणि निराळी या रंगाऱ्यांच्या घराण्यांनी पिढ्यांच्या हिशेबाने जपलेली मापं घरातल्या घरातच राहिली. लिहून ठेवलेली फारच थोडी. पुढे 1994 मध्ये जर्मनीने, कर्करोगकारक अमाइन सोडू शकणाऱ्या ॲझो गटातल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली. निर्यातदारांना धक्का बसला आणि जगाचं लक्ष पुन्हा झाडांकडे वळलं.

याच शहरात सैफाबादला कृषी विद्यापीठाचं महाविद्यालय आहे, पूर्वी त्याला गृहविज्ञान महाविद्यालय म्हणत. तिथे वनस्पतिज रंगांवर वर्षानुवर्षं काम झालं, कापूस आणि रेशमासाठी, अगदी होळीच्या रंगांसाठीसुद्धा. असं संशोधन म्हणजे नवं झाड शोधणं, असा आपला समज असतो. खरं काम मोजण्याचं आहे. कापडाच्या वजनाच्या किती टक्के साल घ्यायची? किती अंशावर, किती मिनिटं? तुरटी आधी, सोबत की नंतर? मग ते कापड धुऊन त्याला 1 ते 5 अशी श्रेणी द्यायची आणि प्रकाशात ठेवून 1 ते 8 अशी. हळदीचा पिवळा डोळ्यांना कितीही गोड वाटला, तरी प्रकाशाच्या परीक्षेत तो लवकर नापास होतो. रंगाऱ्याच्या बोटांना जे कळत होतं, ते आकड्यांत आलं की दुसऱ्या गावातला रंगारीही तीच छटा पुन्हा काढू शकतो. व्यापाऱ्याला हवी असते ती हीच खात्री.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. चमक वाढवण्यासाठी क्रोमियमचा क्षार वापरला, तर फुलाचा रंग असूनही नाल्यात विष जातं. म्हणून जबाबदार संशोधन तुरटी, लोखंड आणि टॅनिन यांच्यापुरतं राहू पाहतं. दुसरा प्रश्न जमिनीचा. अन्न पिकवणारी जमीन रंगासाठी अडवायची का? त्यावर उत्तर आहे टाकाऊ माल. गुडीमल्कापूरच्या फूलबाजारात उरलेला झेंडू, स्वयंपाकघरातली कांद्याची टरफलं, सोलापूरच्या डाळिंबांची सालं. लाड बाजारात ज्या लाखेच्या बांगड्या होतात, तिच्या कच्च्या मालाच्या धुवणातही लाल रंग असतो. कचऱ्यात जाणाऱ्या या वस्तूंचं मोल रंगाने वाढतं.

आता आधुनिक उपयोग. इथल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात गाठीचा तुकडा तपासायला जातो, तेव्हा काचपट्टीवर पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात. तो रंग हिमॅटॉक्सिलिनचा, मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातून काढलेला. त्याला पेशीशी कोण बांधतं? पुन्हा ॲल्युमिनियमच. छिटाच्या ठशातली तुरटी आणि कर्करोगाचं निदान करणारी काचपट्टी यांच्यात एकच विद्या काम करते आहे.

1991 मध्ये ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांनी रंगद्रव्याने वीज बनवणारा सौरघट मांडला. त्यात रंगाचा रेणू टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांना बांधलेला असतो. तो प्रकाश झेलतो आणि इलेक्ट्रॉन पुढे देतो. तारनाक्याच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत अशा घटांसाठी फ्थॅलोसायनिन रंगांवर काम झालं आहे. हे रेणू कृत्रिम आहेत, पण त्यांची ठेवण पानातल्या हरितद्रव्याची आठवण करून देते. फुलाफळांचे रंगही जगभर तपासले जातात. त्यांच्यापासून मिळणारी वीज आज फार थोडी आहे आणि रंग उन्हात टिकत नाही. अडचण तिथेही पकडीची आणि टिकण्याचीच आहे.

श्रोतेहो, दुकानात नैसर्गिक रंगाची साडी दाखवली, तर रंग कुठल्या फुलाचा एवढंच विचारून थांबू नका. तो कशाने बांधला आणि धुण्याच्या परीक्षेत त्याला कोणती श्रेणी मिळाली, हेही विचारा. हा प्रश्न ग्राहकाकडून येईल, तेव्हाच रंगाऱ्याच्या ज्ञानाला किंमत मिळेल, कारण त्याचं खरं उत्तर त्याच्याकडेच आहे.

त्या चार पट्ट्या परत मागत नाही. ज्यांच्या हाती शेवटी राहतील, त्यांनी घरी न्याव्यात, धुवाव्यात, उन्हात वाळत घालाव्यात आणि महिन्याने एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. मी तासभर बोललो ते पहिल्या पट्टीत आणि दुसऱ्या पट्टीत जे अंतर पडेल, त्यात तुम्हाला दिसेल.