मैत्रीच्या करारामागचा हिशेब

(खांब, ता. रोहा येथे दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)



खांबवरून जाणारा हा महामार्ग गोव्याला पोहोचतो. त्याच्या पश्चिमेच्या समुद्राने परराष्ट्रनीतीचा एक कठोर धडा आपल्याला फार पूर्वीच दिला आहे.

टोपीकर हे केवळ व्यापारी नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत आणि त्यांना भूमीचा लोभ आहे, असा इशारा रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त दिला होता. अर्धशतकही उलटले नाही तोच त्याची प्रचिती आली. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते. त्यांच्या बंदोबस्तासाठी नानासाहेबांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार भस्मसात झाले. किल्ला पेशव्यांच्या हवाली करण्यास इंग्रजांनी कित्येक महिने टाळाटाळ केली आणि बाणकोट कायमचे पदरात पाडून घेतले. पेशव्यांचा शत्रू संपला, हे खरे. परंतु इंग्रजांचा समुद्रावरील प्रतिस्पर्धीही संपला!

हा केवळ इतिहास नव्हे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्यात शिरली, तेव्हा लोकशाहीचा उद्घोष करणाऱ्या अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांनी सुरक्षा परिषदेत आपल्या सैन्याच्या माघारीची मागणी उचलून धरली. कारण पोर्तुगाल ‘नाटो’चा सदस्य होता. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो ठराव बारगळला. पण त्याच सोव्हिएत संघाने १९५६ मध्ये हंगेरीची स्वातंत्र्याकांक्षा रणगाड्यांखाली चिरडली होती. तेव्हा त्या मतामागेही निखळ वसाहतवादविरोध होता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

आपल्या तारापूरचेच पाहा. १९६३ च्या करारान्वये अमेरिकेने तेथील अणुवीज केंद्रास तीस वर्षे इंधन पुरवायचे होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अडवणूक सुरू झाली. १९७८ मध्ये अमेरिकेने स्वतःचा नवा कायदा केला आणि त्यावर बोट ठेवून पुरवठा थांबवला. पुढे इंधनासाठी फ्रान्सकडे वळावे लागले.

म्हणून काय कोणाशी मैत्रीच करू नये? तसे नव्हे. मैत्री अवश्य करावी; परंतु यात त्याचा लाभ कोणता आणि उद्या त्याने हात आखडता घेतला तर आपले काय उरेल, हे आधी विचारावे. नानासाहेबांनी मदत मागितली, हा दोष नव्हे. त्या मदतीच्या मोबदल्यात मराठ्यांचे आरमार जळाले, हा खरा घात होता.