कडक पोलादाला भोक पाडताना



मृग तोंडावर आला की औजारांची दुरुस्ती निघते. बरेच जण ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा भंगारातून आणतात आणि त्याची कुळवाला पास करून घेतात. माल उत्तम, झिजतो कमी. अडतं ते बोल्टच्या भोकापाशी. साधं बिट पाट्यावर नुसतं गरगरतं, निळं पडतं आणि त्याची धार जाते.

दोन वर्षांमागं एका शेतकऱ्याला मीच सांगून बसलो, “कार्बाइडचं बिट आणा, काम होईल.” त्यांनी दहा मिलिमीटरचं महागडं बिट आणलं आणि हातातल्या ड्रिल मशिनला लावलं. निम्मं भोक पडलं, हात जरा कलला आणि कडकन तीन तुकडे! एक तुकडा भोकातच रुतला. त्याच्यावर दुसरं कुठलंच बिट चालेना. बिट गेलं, आणि ऐन वाफशाचे दोन दिवसही गेले. चूक त्यांची नव्हती, अर्धवट सांगणाऱ्या माझी होती. म्हणून आज हा विषय सगळा सांगतो.

कार्बाइड म्हणजे टंगस्टन आणि कार्बन यांचं संयुग. त्याची भुकटी कोबाल्टच्या बांधणीत घट्ट दाबून भट्टीत भाजतात. जर्मनीत १९२० च्या दशकात ते ‘विडिया’ या नावानं, म्हणजे ‘हिऱ्यासारखं’, बाजारात आलं. आपले फिटर आजही विडियाच म्हणतात. कठीणपणात ते पोलादाला ऐकत नाही, तापून लाल झालं तरी धार धरून राहतं. पण स्वभाव काचेच्या बांगडीचा. ओरखडा उठणार नाही, पण पीळ पडला की तडकलंच.

तेव्हा दुकानात जाण्याआधी पाट्यावर चांगली कानस ओढून पाहा. कानस थोडीफार चावत असेल तर कार्बाइडची गरज नाही. पाच किंवा आठ टक्के कोबाल्ट असलेलं हायस्पीड स्टीलचं बिट घ्या. त्याचं टोक १३५ अंशांचं असावं, नेहमीचं ११८ चं नको. वेग कमी ठेवा. दहा मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला अडीचशे फेरे पुष्कळ झाले. दाब मात्र सलग द्या आणि तेल सोडत राहा. बिट नुसतं घासत ठेवलं तर दोघंही तापतात आणि धार बसते.

कानस काचेवरून घसरावी तशी घसरली, तरच कार्बाइड. त्यातही फसू नका. भिंतीला भोक पाडायच्या बिटालाही कार्बाइडचं टोक असतं, पण ते बोथट, ठोक्यानं दगड फोडण्यासाठी केलेलं. लोखंडासाठी अखंड कार्बाइडचं बिट निराळं मागावं लागतं. ते हातातल्या मशिनला कधीही लावू नका. तालुक्याच्या वर्कशॉपात खांबाचं ड्रिल मशिन असतं, तिथंच काम न्या. पाटा शिकंजात घट्ट आवळा, तो थरथरता कामा नये. आधी बारीक भोक पाडून मग मोठं करायची आपली सवय इथं सोडा, कारण त्या भोकाच्या कडेवर कार्बाइडची धार तुटते. गार करायचं तर पाण्यात मिसळलेलं कटिंग ऑइल सतत सोडा, नाहीतर कोरडंच चालू द्या. मधूनच शिंतोडा मारला की तापलेलं कार्बाइड तडकतं.

खरं सांगायचं तर कुळवाच्या पाशीला हा सगळा खटाटोप कशाला? आपल्या लोहाराची भट्टी आहे. पात्याचा फक्त भोकाचा भाग लालभडक करा, चुंबक चिकटेनासं झालं की आणखी किंचित तापवा, आणि कोरड्या राखेत रात्रभर पुरून ठेवा. घाईनं पाणी ओतू नका. सकाळी तो भाग मऊ झालेला असतो, साध्या बिटानं भोक पडतं. तिथं परत कडक करायची गरजही नाही, मातीत घासते ती धार. धारेला उष्णता लागली असेल तर ती लाल करून तेलात बुडवा, पाण्यात नको, चिरा जातात. नंतर घासून उजळ करा आणि निळसर रंग येईपर्यंत हलकी ऊब द्या, म्हणजे ठिसूळपणा जातो. रोटाव्हेटरच्या पात्यावर मात्र हा प्रयोग करू नका. ती भोकं पाडलेलीच मिळतात.

डोळ्यांना चष्मा हवाच. हातात मोजे नकोत आणि धोतराचा सोगा, ओढणी, पदर आवरलेला असू द्या, फिरतं बिट कापड गुंडाळतं. विडियाला धार लावायची तर हिरवा किंवा हिऱ्याचा दगड लागतो. त्याची धूळ फुप्फुसाला वाईट, तेव्हा तोंडाला मास्क लावा.

राहिला तो रुतलेला तुकडा. लोहारानं दोन दिवसांनी पाटा उलटा करून त्यावर जुनी छिन्नी धरली आणि हातोड्याचे चार ठोके घातले. तुकड्याचा चुरा होऊन तो झडून गेला. ती पास आजही त्यांच्या कुळवाला आहे.