तळ्याकाठी तंबूत एक रात्र

कुणी कामं आवरून बसला असाल, कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल. आज मी तुम्हाला आमच्या तंबूतल्या मुक्कामाविषयी सांगणार आहे.

गेल्या वर्षी मे महिना संपता संपता आमच्या बचत गटातल्या सहा जणी भंडारदऱ्याला तंबूत राहायला गेलो. पैसे भरून, पाहुण्या म्हणून. घरी हसू झालं. सासूबाई म्हणाल्या, "चांगलं घर सोडून कापडाच्या झोपडीत कशाला निजायचं गं?" आमच्यातली एक तर लग्न झाल्यापासून बाळंतपण आणि वारी सोडली तर एक रात्र घराबाहेर राहिलेली नव्हती. पण आम्ही नुसत्या मजेला गेलो नव्हतो. आपल्या इगतपुरी तालुक्यात दारणा, मुकणे, भावली, वैतरणा अशी किती धरणं आहेत. काठाला तंबू लागतात, आणि आपल्या बायका तिथं भाकऱ्या करायला, भांडी घासायला जातात. पाहुणा नेमके कशाचे पैसे देतो, ते स्वतः पाहुणं झाल्याशिवाय कळायचं नाही, म्हणून गेलो.

भंडारदरा आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात. नाशिकहून घोटीमार्गे साधारण 70 किलोमीटर. प्रवरा नदीवरचं हे धरण इंग्रजांच्या काळात, 1926 साली पुरं झालं. जवळच कळसूबाई, 1646 मीटर, आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. पाण्याच्या कडेनं शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, रतनवाडी अशी गावं. आम्ही उतरलो ती जागा गावापासून थोडी बाजूला होती. संध्याकाळी पाणी अगदी थाळीसारखं शांत. कुणी हाक मारत नाही, कुणी चहा मागत नाही. मला तर पहिला अर्धा तास हातांचं काय करावं तेच समजेना.

अंधार पडला आणि काजवे लागले. काजवे आपण लहानपणापासून बघतो, त्यात काय नवल, असं मला वाटायचं. पण वळवाचा पाऊस पडला की या डोंगरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाच्या झाडांवर ते हजारोंनी जमतात. सगळं झाड एकदम उजळतं, एकदम विझतं. आमच्यातली एक बडबडी आहे, ती पण गप्प झाली.

मग पलीकडच्या काठावर कुणीतरी स्पीकर लावला. एक गाडी वळली, तिचे दिवे आमच्या समोरच्या झाडावर पडले, आणि त्या झाडावरची लुकलुक थांबली. बराच वेळ परत सुरू झाली नाही. त्याचं कारण असं, की नर काजवा उजेड दाखवून मादीला बोलावतो. गाडीच्या झगझगाटात तिला त्याचा उजेड दिसतच नाही. पंख फुटल्यावर काजव्याचं आयुष्य फार तर दोन-तीन आठवड्यांचं. तेवढ्यात जोडी जमली नाही तर पुढच्या वर्षाची अंडी नाहीत. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत, पाचोळ्यात राहतात आणि गोगलगायी खातात. पाचोळा तुडवला, पेटवला, तरी काजवे कमी होणार.

सकाळी स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी बोललो. तंबू बाहेरच्या माणसाचे, बुकिंग त्याच्या फोनवर, ताईंना दिवसाची मजुरी. पाहुण्यांनी केलेला कचरा मात्र ताईंच्या गावात राहतो. ताई म्हणाल्या, "काजवे आमच्या झाडांवर, पण आम्हाला भाकरीपुरतेच पैसे." हे ऐकून मला जरा लाजच वाटली, कारण आम्ही पण पैसे त्या फोनवाल्यालाच दिले होते.

आता आपल्या गटानं हे काम धरायचं म्हटलं तर आधी जागा बघा. सातबारा आपला आहे का? धरणाच्या काठची बरीच जमीन जलसंपदा खात्याची असते, काही वनखात्याची. भंडारदऱ्याचा परिसर तर 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. तिथं रात्री कुठं थांबता येतं, गाड्या किती वाजेपर्यंत सोडतात, हे हंगामाच्या आधी वनखात्याच्या कचेरीत जाऊन विचारा.

पैशासाठी सरकारचं "आई" नावाचं धोरण आहे, 2023 सालचं. बाईच्या मालकीचा पर्यटनाचा व्यवसाय असेल, पर्यटन संचालनालयाकडे त्याची नोंदणी असेल आणि हप्ते वेळेवर भरले, तर 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज 12 टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळतं. सात वर्षांपर्यंत, आणि एकूण साडेचार लाखांपर्यंत. समजा दोन लाखांचं कर्ज 12 टक्क्यांनी घेतलं, तर पहिल्या वर्षाचं व्याज 24 हजारांच्या आत येईल. तेवढा भार हलका होतो. मात्र कागदावर आपण आणि गल्ल्यावर घरधनी, असं होऊ देऊ नका. बुकिंगचा फोन गटातल्या बाईच्याच हातात पाहिजे.

पाण्याचा हिशेब आधी करा. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही आपल्या डोंगरातली गत तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात आपण हंडे वाहायचे आणि पाहुण्यांनी दोन-दोन बादल्या आंघोळीला ओतायच्या, हे चालणार नाही. माणशी एक बादली, आणि ते फोनवरच सांगून ठेवायचं. संडास पाण्यापासून निदान शंभर फूट लांब आणि विहिरीच्या खालच्या अंगाला. भांडी तळ्यात घासायची नाहीत, साबणाचं पाणी वाफ्याला सोडायचं. जेवणात पनीर नको बाई. आपल्या भागातले भात, वालाची उसळ, नाचणीची भाकरी यासाठीच तर लोक एवढ्या लांब येतात. शेजारच्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली आहे, हे आलेल्या पाहुण्याला जरूर सांगा.

जिवाचं मात्र नीट ऐका. तंबू उतारावर, एकट्या उंच झाडाखाली किंवा पाण्याला लागून ठोकायचा नाही. वीज कडकडायला लागली की सगळ्यांना पक्क्या घरात आणायचं, त्यामुळे घर नाहीतर शाळा जवळ पाहिजे. तंबूत शेगडी किंवा निखारे घेऊ द्यायचे नाहीत. त्यांचा वायू दिसत नाही, वास येत नाही, झोपेतच माणूस जातो. तंबूची चेन रात्रभर बंद. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कित्येकदा जाणवत पण नाही. कुणाला चावली अशी शंका आली तरी भगताकडे नाही, लगेच 108 ला फोन. रात्री पाण्यात उतरायचं नाही, दारू प्यायलेल्यानं तर दिवसाही नाही.

दारूवरून आमच्या गटात भांडणच झालं. एक म्हणाली, दारू बंद ठेवली तर निम्मी गिऱ्हाइकं जातील. दुसरी म्हणाली, "रात्री बारा वाजता झिंगलेल्या माणसाला पाणी नेऊन द्यायला तू जाशील का?" त्यावर कुणी बोललं नाही. शेवटी दारू नाही, स्पीकर नाही, दहानंतर मोठा दिवा नाही, असं ठरलं. बॅटरीला लाल कागद लावायचा, त्याचा काजव्यांना कमी त्रास होतो.

तंबू आम्ही अजून घेतलेले नाहीत. जी जागा मनात भरली होती तिचा निम्मा तुकडा जलसंपदा खात्याचा निघाला. आता दुसरी, वरच्या अंगाची जागा बघतोय. तिथून पाणी जरा लांब दिसतं, पण सातबारा गटातल्याच एकीच्या नावावर आहे. मंगळवारच्या बैठकीत दोन तंबूंनी सुरुवात करायची का, ते ठरेल. काय ठरलं ते पुढच्या वेळी सांगते. नमस्कार.