ऋण दिलं की धन होतं : मिठातल्या आयनांची गोष्ट

आज हप्ता, व्याज, कर्जफेड हे विषय जरा बाजूला ठेवू. आज आम्ही बोलणार आहोत आपल्या घरातल्या मिठाबद्दल, आणि मिठाच्या निमित्तानं मुलींच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या एका धड्याबद्दल. अणूचा आयन कसा होतो, तो हा धडा.

आमच्या गटांतल्या कितीतरी जणींच्या मुली या धड्यापाशी येऊन अडतात. आई म्हणते, "मला काय कळतंय बाई त्यातलं, शाळेत विचार." आम्ही म्हणतो, गटाची वही लिहिणारीला हा धडा अजिबात जड नाही, कारण हा सगळा जमाखर्चच आहे. शिवाय हा धडा परीक्षेपुरताच नाही. घरातलं लेकरू जुलाबानं गळून जातं, तेव्हा त्याला सावरणारं मीठ-साखरेचं पाणी याच हिशोबावर चालतं.

आता एक करा. मूठभर हरभरे आणि मूठभर ज्वारी घ्या आणि लेकीला शेजारी बसवा. हातात काम असेल तर नुसतं ऐका, संध्याकाळी करून बघा.

जगातली प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली आहे. अणू इतका बारीक की साध्या डोळ्यांना दिसायचं नावच नाही. त्याच्या मधोमध असतं केंद्रक. केंद्रकात प्रोटॉन असतात, त्यांच्यावर धन प्रभार असतो. भोवती असतात इलेक्ट्रॉन, त्यांच्यावर ऋण प्रभार असतो. केंद्रकात न्यूट्रॉनही असतात, पण त्यांच्यावर प्रभार नसतो, म्हणून आजच्या हिशोबात ते धरायचे नाहीत.

आपला हरभरा म्हणजे प्रोटॉन आणि ज्वारीचा दाणा म्हणजे इलेक्ट्रॉन. सोडिअम नावाच्या धातूचा अणू मांडू. ताटाच्या मधोमध 11 हरभरे ठेवा. त्यांच्याभोवती ज्वारीच्या दाण्यांची तीन कडी करा. पहिल्या कड्यात 2 दाणे, दुसऱ्यात 8 आणि तिसऱ्यात एकच. या कड्यांना पुस्तकात कवच म्हणतात. हरभरे 11, ज्वारी 11. धन आणि ऋण सारखं, म्हणून शिल्लक शून्य. अणूचा हिशोब असा नेहमी जुळलेला असतो.

दुसऱ्या ताटात क्लोरीनचा अणू मांडू. मध्ये 17 हरभरे. भोवती ज्वारीचे दाणे 2, मग 8, मग 7. इथंही शिल्लक शून्य.

आता दोन्ही ताटांची बाहेरची कडी बघा. बाहेरच्या कड्यात 8 दाणे असले की अशा अणूंची घडी पक्की बसते. सोडिअमच्या बाहेरच्या कड्यात एकटाच दाणा आहे आणि तो केंद्रकानं सैल धरलेला आहे. तो गेला की आतलं 8 चं कडं बाहेरचं होतं. क्लोरीनकडे 7 आहेत, त्याला एक हवाय. म्हणून दोघं समोरासमोर आले की सोडिअमचा तो एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे जातो. देणाऱ्याला घेणारा मात्र भेटावा लागतो. सोडिअम उगाच आपला इलेक्ट्रॉन टाकून देत नाही.

उचला तो एकटा दाणा आणि ठेवा दुसऱ्या ताटात. आता मोजा. सोडिअमकडे हरभरे 11, ज्वारी 10. एक धन जास्त झालं. हा झाला सोडिअमचा धन आयन. क्लोरीनकडे हरभरे 17, ज्वारी 18. एक ऋण जास्त. हा झाला ऋण आयन, त्याला क्लोराइड म्हणतात. अणूनं इलेक्ट्रॉन दिला किंवा घेतला आणि त्याच्यावर प्रभार आला, की तो आयन झाला. एवढाच हा धडा.

मुली गोंधळतात त्या इथंच. त्या विचारतात, "दिल्यावर तर कमी व्हायला पाहिजे, मग सोडिअमपुढं अधिकची खूण का?" याचं उत्तर आपल्या भाषेतच आहे. ऋण म्हणजे कर्ज. इलेक्ट्रॉन हा ऋण आहे. सोडिअमनं दिलं ते धन नव्हे, डोक्यावरचं कर्ज दिलं. कर्ज उतरलं की माणूस फायद्यात येतो, तसा सोडिअम धन झाला. क्लोरीननं ऋण घेतलं, म्हणून तो ऋण झाला. पोरींना हे एकदा सांगा, अधिक-उणेची चूक होणार नाही.

दुसरी चूक होते ती प्रोटॉनची. पेपरात काही मुली लिहितात, सोडिअमला एक प्रोटॉन मिळाला. तसं होत नाही. केंद्रक म्हणजे गटाचं मूळ भांडवल समजा, या व्यवहारात त्याला हात लागत नाही. हरभरे जागचे हलले का? नाही. म्हणून सोडिअमचा आयन झाला तरी तो सोडिअमच राहतो. प्रोटॉनची संख्या बदलली असती तर मूलद्रव्यच बदललं असतं.

आता घरी सोडवायला एक गणित. मॅग्नेशिअमकडे इलेक्ट्रॉन आहेत 12, मांडणी 2, 8, 2. तो किती देईल? दोन देईल आणि दोन धन प्रभारांचा आयन होईल. एक क्लोरीन तर एकच घेतो, मग एका मॅग्नेशिअमला क्लोरीन किती लागतील? दोन. दिलेलं आणि घेतलेलं जुळलं पाहिजे, आपल्या वहीसारखंच.

एका इलेक्ट्रॉननं इकडून तिकडं जाण्यानं फरक किती पडतो बघा. सोडिअम धातू सुरीनं कापता येईल इतका मऊ असतो, पण पाण्यात टाकला तर पेट घेतो. म्हणून प्रयोगशाळेत तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायू. विहिरीत टीसीएल पावडर टाकली की जो उग्र वास येतो, तो याच्याच घराण्यातला. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, बेल्जियममध्ये हाच वायू सैनिकांवर सोडला होता. असा तो धातू आणि असा हा वायू. पण दोघांचे आयन झाले, धन आणि ऋण एकमेकांना बिलगले, की ते आपलं मीठ. रोज आमटीत घालतो ते.

मीठ पाण्यात टाकलं की दिसेनासं होतं. तेव्हा ते आयन सुटे होऊन पाण्यात हिंडू लागतात. पण त्यांचे परत अणू होत नाहीत, सोडिअम धनच राहतो आणि क्लोराइड ऋणच. पाण्यातले हे आयन वीज वाहून नेतात. आपल्या विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतातच, म्हणून ओल्या हातानं मोटारीच्या स्टार्टरला हात लावायचा नाही.

आयन हा शब्द 1834 साली मायकेल फॅरडे यांनी वापरात आणला. ते लोहाराचे मुलगे. शाळा जेमतेम झालेली, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता तीच पुस्तकं वाचून शिकले. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता, तो लागला 1897 साली. हे लेकीला जरूर सांगा.

आता लेकराच्या जुलाबाकडे येऊ. जुलाबात नुसतं पाणी जात नाही. त्याबरोबर सोडिअम, पोटॅशिअम, क्लोराइड यांचे आयनही जातात. आपल्या नसा आणि स्नायू या आयनांवरच चालतात, म्हणून लेकरू मलूल होतं. नुसतं पाणी पाजून ही तूट भरत नाही. मीठ आणि साखर दोन्ही का, तर आतड्यात सोडिअमचा आयन आणि ग्लुकोज जोडीनं आत घेतले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा उघडी राहते.

1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडानं पाजायला लावलं. आजाऱ्यांचे नातेवाईकच ते पाजत होते. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं.

म्हणून माप नीट ऐका. ओआरएसची पुडी मिळाली तर तीच आधी वापरा, तिच्यात पोटॅशिअमही असतं. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी एकदम घाला. तयार केलेलं पाणी 24 तासांत संपवा, उरलं तर टाकून द्या. पुडी नसेल तर उकळून गार केलेलं 1 लीटर पाणी, चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजानं घालू नका. जास्त मीठ लेकराला घातक ठरतं. चमच्या-चमच्यानं पाजत राहा. अंगावरचं दूध बंद करू नका. डोळे खोल गेले, लघवी थांबली, लेकरू पीत नाही, सुस्त पडलंय किंवा शौचातून रक्त जातंय, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा. दवाखान्याच्या वाटेवरही पाजत राहा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या सभेला प्रत्येकीनं दोन गोष्टी करून यायचं. मुलीबरोबर ताटात सोडिअम आणि क्लोरीन मांडायचे, आणि आपल्या घरच्या चमच्यानं मीठ-साखरेचं माप एकदा घालून बघायचं. वहीतला हिशोब आपण पैशापैशानं जुळवतो, हाही तसाच जुळवू.

नमस्कार.